पाटीचा दगड, उतार आणि सायकल

आज पन्नाशीच्या पुढे असलेल्या अनेक शिक्षकांची अक्षरओळख दगडी पाटीवर झाली असेल. लाकडी चौकटीत बसवलेला तो काळा, पातळ आणि गुळगुळीत दगड हातातून निसटला की फुटायचा, आणि फुटताना त्याच्या सपाट कपच्या निघायच्या. आपल्याकडच्या पाट्यांसाठी आंध्र प्रदेशातले मार्कापूर प्रसिद्ध होते. युरोपात मात्र पाटीचा दगड म्हटले की ग्रेट ब्रिटनच्या पश्चिमेकडील वेल्स या डोंगराळ प्रदेशाचे नाव निघते. तिथल्या दगडाच्याही शाळेसाठी पाट्या होत, पण त्याचा मुख्य उपयोग घरांची छपरे शाकारण्यासाठी होई. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधली कितीतरी औद्योगिक शहरे या दगडाच्या छपराखाली वाढली.

उत्तर वेल्समधले ब्लायनाय फेस्टिनिओग हे गाव याच दगडावर उभे राहिले. गावाच्या तिन्ही अंगांना फुटक्या पाट्यांचे करडे ढिगारे डोंगरासारखे उभे आहेत. पावसात ते काळेभोर दिसतात, आणि तिथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. गावाला लागून असलेल्या लेख्वेध खाणीच्या उतारावर २०१२ साली डोंगरी सायकलींसाठी, म्हणजे माउंटन बाइकसाठी, खास बांधलेल्या वाटा सुरू झाल्या. जाड टायरची सायकल घेऊन गाडीतून वर जायचे आणि ढिगाऱ्यांमधून वळणे घेत, दगडांवरून उड्या मारत खाली यायचे, असा हा खेळ आहे.

बंद पडलेल्या खाणीत खेळाचे मैदान झाले, एवढीच ही गोष्ट असती तर ती चार ओळींत संपली असती. पण या उतारावरून खाली जाणारे सायकलस्वार पहिले नाहीत. त्यांच्या आधी दगड उतरला, खाणकामगार उतरले, पाणीही उतरले. वेल्श भाषेत ‘लेख्वेध’ या शब्दाचा अर्थच मुळी डोंगरउतार असा आहे. उतरण्यासाठी गुरुत्वाकर्षण काही पैसे मागत नाही. पण वर चढण्याची किंमत प्रत्येक वेळी कोणीतरी मोजलेली असते. ती कोणी मोजली आणि उताराचा फायदा कोणाला झाला, हे पाहत गेले की या गावाचा दोनशे वर्षांचा इतिहास उलगडतो.

चिखलाची पाटी कशी होते?

पाटीचा दगड म्हणजे मुळात समुद्रतळावर साचलेला बारीक चिखल. ब्लायनायचा दगड ज्या चिखलापासून बनला तो ऑर्डोव्हिशियन कालखंडातला, म्हणजे सुमारे ४५ ते ४८ कोटी वर्षांपूर्वीचा. थरावर थर साचून त्याचा खडक झाला. पुढे सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी भूखंडांच्या टकरीत हा खडक दोन्ही बाजूंनी दाबला गेला. या दाबामुळे आणि उष्णतेमुळे त्यातल्या मातीच्या खनिजांपासून अभ्रकासारखी चपटी खनिजे तयार झाली आणि ती सगळी एकाच दिशेने मांडली गेली. त्या दिशेत खडक सहज चिरला जातो. या गुणधर्माला पाटन म्हणतात.

आता एक चूक सहज होऊ शकते. पाटीचे पापुद्रे म्हणजे चिखलाचे मूळ थर, असे आपल्याला वाटते. केंब्रिजचे भूवैज्ञानिक ॲडम सेजविक यांनी १८३५ साली दाखवून दिले, की चिरण्याची दिशा आणि थरांची दिशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाटनाच्या रेषा मूळ थरांना तिरप्या छेदून जातात. मग ही दिशा आली कुठून? हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी पाटीच्या दगडाचे अतिशय पातळ काप करून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि १८५३ साली उत्तर दिले: दाबामुळे. दाब ज्या दिशेने येतो तिच्याशी काटकोन करून चपटे कण आडवे होतात. पांढऱ्या मातीत लोखंडाच्या ऑक्साइडचे चपटे कण मिसळून, ती दाबून त्यांनी हे प्रयोगानेही सिद्ध केले. थोड्याच वर्षांत जॉन टिंडल यांनी मेण दाबून तसेच पापुद्रे सुटतात हे लोकांपुढे करून दाखवले.

हा प्रयोग वर्गात करता येईल. शाडूच्या मऊ मातीत चमकणाऱ्या बारीक टिकल्या मिसळा आणि गोळा नीट मळा. टिकल्या कशाही पडलेल्या असतील. मग दोन फळ्यांच्या मध्ये गोळा ठेवून जोराने दाबा, आणि दाबलेली वडी सुरीने उभी कापा. कापात बहुतेक टिकल्या फळ्यांना समांतर झालेल्या दिसतील. त्याच पातळीत वडीचे पापुद्रे सोडवून पाहायला विद्यार्थ्यांना सांगा.

खाणीतल्या कारागिराला सॉर्बीचे नाव माहीत असण्याचे कारण नव्हते. पण छिन्नी कुठे टेकवली असता दगड पुस्तकाच्या पानासारखा उघडेल, हे त्याच्या हाताला पक्के ठाऊक असे.

डोंगराच्या पोटात

ब्लायनाय परिसरात पाटीच्या दगडाचे काम १७६० च्या दशकात सुरू झाले. १८३१ साली सरकारने या दगडावरचा कर काढून टाकला आणि धंद्याला जोर आला. १८४२ साली जर्मनीतले हॅम्बुर्ग शहर मोठ्या आगीत जळाले. त्याच्या पुनर्बांधणीसाठी इथून जहाजे भरून दगड गेला आणि जर्मनीची बाजारपेठ मिळाली. १८४६ साली जॉन व्हाइटहेड ग्रीव्ह्ज यांनी लेख्वेधला खोदकाम सुरू केले. तीन वर्षांच्या खर्चानंतर १८४९ साली त्यांना उत्तम दगडाचा थर लागला, आणि १८५१ च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनात लेख्वेधच्या दगडाने पदक मिळवले.

इथला चांगला थर डोंगरात तिरपा शिरलेला होता. त्यामुळे उघड्यावरची दगडखाण लवकरच भुयारांत शिरली. एकाखाली एक मजले पाडून मोठमोठी दालने कोरण्यात आली आणि छत तोलण्यासाठी त्यांच्यामध्ये दगडाच्या जाड भिंती राखल्या गेल्या. एकट्या लेख्वेधमध्ये सोळा मजल्यांवर मिळून सुमारे ४० किलोमीटर भुयारे आहेत. कामगार मांडीभोवती साखळीचा वेढा घेऊन कड्यावर लोंबकळत, मेणबत्तीच्या उजेडात सुरुंगासाठी भोके पाडत.

मजुरीची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. तीन-चार जणांची टोळी खडकाचा ठरावीक तुकडा महिन्याच्या बोलीने घेई. दगड चांगला लागला तर कमाई, वाईट लागला तर नुकसान. बोली ठरवणारा मुकादम खूश असला तर चांगला तुकडा मिळे. सुरुंगाची दारू आणि मेणबत्त्यांचे पैसे कामगारांच्याच हिशोबातून कापले जात. या परिस्थितीतून १८७४ साली उत्तर वेल्सच्या खाणकामगारांची संघटना उभी राहिली. जेवणाच्या सुट्टीत कामगार ज्या खोपटात जमत त्याला ‘काबान’ म्हणत. तिथे राजकारणावर वाद होत, गाणी आणि कविता होत, पाठांतराच्या स्पर्धाही होत. शाळा लवकर सुटलेल्या मुलांचे पुढचे शिक्षण बरेचसे तिथेच झाले.

फोडलेल्या पाट्या आकारानुसार विकल्या जात, आणि त्यांची इंग्रजी नावे मोठी गमतीची होती: सम्राज्ञी, राणी, डचेस, काउंटेस, लेडी. पण एक टन विकाऊ पाटी मिळवताना निदान दहा टन दगड टाकून द्यावा लागे. त्या टाकलेल्या दगडाचेच आजचे डोंगर झाले. सायकलच्या वाटा ज्या भूमीवरून जातात ती निसर्गाने जशी घडवली तशीच माणसाच्या हातांनीही घडवली आहे.

उतरणारा दगड, चढणारे घोडे

दगड फोडला तरी तो बंदरापर्यंत पोचवायचा कसा? सुरुवातीला तो घोडे आणि खेचरांच्या पाठीवरून, मग गाडीतून आणि नंतर होड्यांतून जाई. इतकी चढउतार करताना बराच माल फुटे. १८३२ साली संसदेने फेस्टिनिओग रेल्वेचा कायदा मंजूर केला आणि १८३६ साली ब्लायनाय ते पोर्थमादोग बंदर अशी सुमारे २१ किलोमीटरची वाट सुरू झाली. रुळांमधले अंतर दोन फुटांहूनही किंचित कमी होते.

या रेल्वेला इंजिनच नव्हते. मार्ग अशा हिशोबाने आखला होता, की खाणीपासून बंदराजवळच्या बांधापर्यंत साधारण दर ९० मीटरमागे एक मीटर उतार सतत मिळावा. लोखंडी रुळावर लोखंडी चाकाला होणारा विरोध गाडीच्या वजनाच्या एक टक्क्याहून कमी असतो. एकास नव्वद उतारावर वजनाचा सुमारे १.१ टक्का भाग गाडीला पुढे ओढतो. म्हणजे ओढ विरोधापेक्षा थोडीच जास्त: गाडी आपोआप चालते, पण ब्रेकने आवरताही येते. भरलेल्या डब्यांच्या लांबच लांब रांगा ब्रेकवाल्यांच्या हवाली केल्या जात आणि दीड तासाच्या आसपास बंदराला पोचत.

वर येताना मात्र रिकामे डबे घोडे ओढत, आणि त्याला जवळजवळ सहा तास लागत. म्हणून खाली जाताना घोड्यांनाही गाडीच्या खास डब्यात उभे करून, पुढ्यात चारा टाकून नेत. दगड फुकट उतरे, कारण चढण्याची किंमत घोडा मोजत होता.

१८६३ साली वाफेची इंजिने आली आणि घोडे सुटले, पण भरलेल्या गाड्या गुरुत्वाकर्षणाच्याच जोरावर उतरत राहिल्या. ही पद्धत १९३९ पर्यंत चालू होती. इतक्या अरुंद रुळांवरून डोंगरात आगगाडी नीट चालू शकते, हे फेस्टिनिओगने जगाला दाखवून दिले. १८८१ ची दार्जिलिंगची गाडी आणि १९०७ ची आपली माथेरानची गाडी याच दोन फुटी घराण्यातल्या.

फळीवरून घरी

गावाच्या दक्षिणेला मानोद डोंगरावर क्रेग धी, म्हणजे ‘काळा कडा’, नावाची खाण होती. ती इतकी उंचावर, की दिवसभराच्या कामानंतर घरी चालत येणे हेच एक काम. तिथून दगड खाली आणण्यासाठी डोंगरावर सरळ उतरते रूळ टाकलेले होते. भरलेले डबे दोराने बांधून खाली सोडत आणि त्यांच्या वजनाने रिकामे डबे शेजारच्या रुळांवरून वर खेचले जात.

१८७० च्या सुमारास खाणीच्या लोहाराने एक युक्ती काढली. हातभराहून थोडी मोठी फळी, तिच्याखाली रुळावर बसणारे एक चाक, आणि तोल सांभाळण्यासाठी बाजूला निघालेली एक लोखंडी दांडी. चाक एका रुळावर आणि दांडीचे टोक शेजारच्या रुळावर. हाताशी एक ब्रेक. त्यावर बसून कामगार संध्याकाळी सुसाट घरी निघत. वेगावर ताबा राहावा म्हणून पुढे एक अनुभवी माणूस असे आणि बाकीचे त्याच्यामागे ओळीने. लोकांनी या वाहनाला ‘कार ग्विल्ट’ म्हणजे रानगाडी असे नाव ठेवले. पुढची अनेक दशके ही फळी वापरात होती.

दोन चाके, एक आसन, एक ब्रेक आणि समोर खाणीचा उतार, एवढ्यावर आजची सायकल चालते. क्रेग धीच्या कामगाराजवळ यातले एक चाक सोडून सगळे होते. फरक हेतूचा होता. त्याला लवकर घरी पोचायचे होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच डोंगर पायी चढायचा होता.

धूळ, उतरती कळा आणि नकाशातले भोक

भुयारात आणि दगड कापण्याच्या गिरणीत धूळ कोंडलेली असे. त्या धुळीतली सिलिका फुप्फुसात जाऊन बसते, तिथे व्रण धरतात आणि श्वास कमी कमी होत जातो. हाच सिलिकोसिस. १८९० च्या दशकात सरकारी समितीने या खाणींची चौकशी केली तेव्हाही कामगारांचे आयुष्य कमी असल्याचे पुढे आले. तरी खाणमालकांच्या बाजूचे काही डॉक्टर धुळीला दोष द्यायला तयार नव्हते. कामगार फार वेळ उकळलेला चहा पितात म्हणून आजारी पडतात, असेही सांगितले गेले. धुळीच्या रोगांनी पिडलेल्या, आणि ज्यांची कंपनीच आता उरली नव्हती अशा कामगारांना भरपाई देणारा कायदा ब्रिटनमध्ये १९७९ साली झाला. तोवर बहुतेक खाणी बंद झाल्या होत्या आणि कितीतरी कामगार हयात नव्हते.

वेल्सचा हा धंदा १८९८ च्या सुमारास कळसाला पोचला होता. तेव्हा त्यात सुमारे १७ हजार माणसे काम करत. त्यानंतर घरबांधणीतली मंदी, स्वस्त कौले, लांबलेले संप आणि टाळेबंदी, आणि दोन महायुद्धे यांनी तो खचत गेला. ब्लायनायची प्रचंड ओकली खाण १९७० च्या आसपास बंद पडली. १८८१ साली फेस्टिनिओग परिसराची लोकसंख्या ११ हजारांवर होती. २०११ साली ती पाच हजारांहूनही कमी भरली.

१९५१ साली भोवतालच्या डोंगरांचे स्नोडोनिया राष्ट्रीय उद्यान झाले. त्याचा नकाशा पाहिला तर मधोमध एक भोक दिसते. ते भोक म्हणजे ब्लायनाय फेस्टिनिओग. दगडाचे ढिगारे निसर्गसौंदर्यात बसत नाहीत म्हणून गाव उद्यानाच्या हद्दीबाहेर ठेवले गेले. ज्या ढिगाऱ्यांसाठी इथली माणसे खपली, त्याच ढिगाऱ्यांमुळे ती वगळली गेली.

उताराचा पुढचा उपयोग पाण्याने केला. १९६३ साली गावाजवळ ३६० मेगावॉटचे फेस्टिनिओग वीजकेंद्र सुरू झाले. मागणी कमी असताना उरलेली वीज वापरून खालच्या तलावातले पाणी वरच्या तलावात चढवायचे, आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची, अशी त्याची रचना आहे. चढवताना जेवढी वीज लागते त्याहून उतरताना मिळणारी वीज कमीच असते; फायदा असतो तो वेळेचा. या केंद्राच्या खालच्या तलावात जुन्या रेल्वेचा काही भाग बुडाला. रेल्वेप्रेमी स्वयंसेवकांनी डोंगराला वळसा घालून नवा मार्ग बांधला आणि १९८२ साली गाडी पुन्हा ब्लायनायला आणली. लेख्वेधची भुयारे १९७२ पासूनच पर्यटकांसाठी उघडली होती. खाण पाहायलाही लोक येतात, हे गावाच्या लक्षात येऊ लागले होते.

सायकल डोंगरात कशी गेली?

डोंगरी सायकलीचा जन्म मात्र इथला नव्हे. तो अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाचा. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या टॅमलपायस डोंगराच्या परिसरात १९७० च्या दशकात काही तरुण १९३०-४० मधल्या जुन्या, जाड टायरच्या दणकट सायकली घेऊन कच्च्या रस्त्यांवरून खाली सुटत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी एका उतारावर पहिली शर्यत लावली. साडेतीन किलोमीटरांच्या आत सुमारे ४०० मीटर उतरायचे होते. या सायकलींना मागच्या चाकाच्या तुंब्यातच ब्रेक असे. एकदा खाली येईपर्यंत तो इतका तापे, की आतले ग्रीस धूर होऊन उडून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. म्हणून त्या शर्यतीलाच ‘रीपॅक’, म्हणजे पुन्हा भरणे, असे नाव पडले.

ग्रीस का जळत होते, याचा हिशोब विद्यार्थी करू शकतील. समजा, सायकल आणि स्वार मिळून वस्तुमान ९५ किलोग्रॅम आहे आणि उतार २०० मीटर उंचीचा आहे. स्थितिज ऊर्जा ९५ × ९.८ × २००, म्हणजे सुमारे १,८६,००० ज्यूल. ही सगळी गतिज ऊर्जेत बदलली तर खाली पोचताना वेग ताशी सुमारे २२५ किलोमीटर होईल. तसे होऊ द्यायचे नसेल, तर ही ऊर्जा हवा, माती, टायर आणि मुख्यतः ब्रेक यांच्यात उष्णता होऊन जायला हवी. तेवढ्या उष्णतेत अर्ध्या लिटरहून थोडे अधिक पाणी उकळीला येईल.

त्या टोळक्यातल्या जो ब्रीझ यांनी १९७७ साली या खेळासाठी खास सांगाडा बनवला. १९८१ पासून कारखान्यात बनलेल्या डोंगरी सायकली दुकानांत आल्या. पुढे धक्के झेलणारे स्प्रिंगचे काटे आणि चकतीचे ब्रेक आले. १९९० साली जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत डोंगर उतरण्याच्या शर्यतीचा समावेश झाला आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये डोंगरी सायकलीची लांब पल्ल्याची शर्यत झाली. त्याच दशकात ब्लायनायच्या दक्षिणेला कोएद-अ-ब्रेनिनच्या जंगलात सायकलींसाठी मुद्दाम वाटा बांधल्या गेल्या. ओबडधोबड डोंगर आणि भरपूर पाऊस यांसाठीही लोक दुरून येतात, हे वेल्सला तिथे दिसले.

ढिगाऱ्यावर वाट बांधताना

ब्लायनायमध्ये २००७ साली ‘अँटिर स्टिनिओग’ हा सामाजिक उपक्रम स्थापन झाला. स्टिनिओग हे गावाचे घरगुती नाव आहे, आणि ‘अँटिर’ म्हणजे साहस. उपक्रम गावाचा, नफा गावाच्या कामासाठी, अशी त्यामागची कल्पना होती. याच संस्थेने सार्वजनिक निधीची मदत घेऊन २०१२ साली लेख्वेधच्या उतारावर सायकलच्या वाटा सुरू केल्या.

खाणीच्या ढिगाऱ्यावर काही बांधणे ही साधी गोष्ट नाही. दक्षिण वेल्समध्ये अ‍ॅबरव्हॅन गावी २१ ऑक्टोबर १९६६ रोजी कोळसा खाणीचा ढिगारा कोसळून शाळेवर आला. १४४ माणसे मरण पावली. त्यांत ११६ मुले होती. तो ढिगारा झऱ्यावर रचलेला होता, आणि आत मुरलेल्या पाण्याने त्यातला बारीक गाळ वाहता झाला. या दुर्घटनेनंतर १९६९ साली ब्रिटनमध्ये ढिगाऱ्यांच्या सुरक्षिततेचा कायदा करण्यात आला. पाटीच्या दगडाचे ढिगारे वेगळे असतात. मोठ्या, कोनदार कपच्या एकमेकींत अडकतात आणि त्यांच्या फटींतून पाणी निघून जाते. तरीही अशा ढिगाऱ्याची बाजू बहुधा ती जितका तिरपेपणा पेलू शकते तितकी तिरपी असते, साधारण ३५ ते ४० अंश. त्यात पायथ्याशी खोदले की वरचे घसरणार. म्हणून वाट आखताना कुठे खणायचे यापेक्षा कुठे खणायचे नाही, हे आधी ठरवावे लागते.

दुसरा प्रश्न पावसाचा. पाणी वाटेवरून धावू लागले तर ते तिचा ओढा करते. त्यावर उपाय म्हणजे वाट सरळ खाली न नेता आडवी फिरवायची, तिला किंचित बाहेर कलवायचे आणि मधूनमधून उंचवटे देऊन पाणी बाजूला काढायचे. जिथे चाके जोरात घासतात तिथे दगडाच्या लाद्या बसवायच्या. साहित्य जवळच पडलेले असते. फक्त त्याच्या धारदार कडा टायर फाडतात.

तिसरा प्रश्न वळणाचा. सायकल वळवायला आतल्या दिशेने बल लागते, आणि सुट्या कपच्यांवर घर्षण कमी पडते. म्हणून वळणाची बाहेरची बाजू भिंतीसारखी उचलतात. किती उचलायची? त्या कोनाचा टॅन्जंट = वेगाचा वर्ग ÷ (त्रिज्या × गुरुत्व त्वरण). वेग सेकंदाला ८ मीटर आणि त्रिज्या ८ मीटर असेल तर कोन सुमारे ३९ अंश येतो. सूत्रात वस्तुमान नाही, हे विद्यार्थ्यांच्या नजरेला आणून द्या. त्यामुळे एकच वळण बारक्या मुलीला आणि जाडजूड माणसाला सारखेच चालते.

याखेरीज ढिगारे ओसाड दिसले तरी निर्जीव नसतात. अजमोद्यासारखी पाने असलेले एक नेचे अशा कपच्यांतच वाढते, दगडफुले त्यांवर पसरतात, आणि बंद भुयारांत वटवाघळे हिवाळा काढतात. वाट बांधताना या रहिवाशांचाही विचार करावा लागतो.

उतार कोणाचा?

सायकलस्वाराला उतरताना इंधन लागत नाही. पण वर जाताना तो आणि त्याची सायकल मोटारगाडीतून जातात. पूर्वी घोडा होता, त्याच्या जागी डिझेल आले. या वेळी चढण्याची किंमत तिकिटात धरलेली असते, आणि ती स्वार स्वतः मोजतो. उताराच्या दोनशे वर्षांतला हा एक नवा हिशोब आहे.

दुसरा बदल मिळकतीचा. एकोणिसाव्या शतकात दगड इथून गेला आणि त्यावरचा नफाही मुख्यतः जमीनमालक आणि खाणमालक यांच्याकडे गेला. गावाकडे ढिगारे आणि खोकला उरला. आता त्याच उतारावर गावाची एक संस्था उभी राहिली. २०१४ पासून लेख्वेधमध्ये तारेवरून घसरण्याचे आणि भुयारात जाळ्यांवर उड्या मारण्याचे मोठे खासगी खेळही सुरू झाले. पर्यटनाची कामे हंगामी असतात, आणि हजारो माणसांना पोसणाऱ्या खाणीची जागा काही सायकलवाटा घेऊ शकत नाहीत, हेही खरे. पण तिकिटाचा पैसा गावात फिरणार की बाहेर जाणार, हा प्रश्न विचारण्याची आणि त्याचे उत्तर स्वतः देऊन पाहण्याची ताकद गावाला आली, ही लहान गोष्ट नाही.

२०२१ साली युनेस्कोने वायव्य वेल्सच्या पाटीच्या दगडाच्या प्रदेशाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात फेस्टिनिओगच्या खाणी, गाव आणि पोर्थमादोगपर्यंतची रेल्वे यांचा समावेश आहे. १९५१ साली कुरूप म्हणून ज्या ढिगाऱ्यांना हद्दीबाहेर ठेवले होते, ते सत्तर वर्षांनी जपण्याजोगे ठरले. ढिगारे तेच होते. बदलली ती ‘निसर्ग’ आणि ‘वारसा’ या शब्दांची आपली समजूत.

बंद दगडखाणी आपल्या गावांच्या आसपासही आहेत. पाणी साठलेल्या खाणीत मुलांना कधीही उतरू देऊ नये. तिच्या सरळ कडा आणि अचानक येणारी खोली जिवावर बेतते. पण खाणीविषयी माहिती बाहेरून मिळवता येते. दगड कोणत्या जातीचा आहे, तो कधीपासून आणि कुठे गेला, कोणी फोडला, जमीन आता कोणाची आहे, आणि तिथे काम केलेल्यांची तब्येत कशी आहे, असे पाच प्रश्न घेऊन विद्यार्थ्यांना गावातल्या वडीलधाऱ्यांकडे पाठवावे. भूगोल, विज्ञान आणि इतिहास या तिन्ही विषयांच्या वह्या त्या उत्तरांनी भरतील.